‘धावणे’ आणून दाखव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या अलोरे गावातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘कुठे गेला होतास रे?’ म्हणून विचारा. ‘पोफळीला’, ‘चिपळुणात’, ‘आजीबरोबर धरणावर’ अशी उत्तरं तो पटापट देतो. ‘अलोरे’ला ‘त’ लागला की ‘अलोऱ्यात’ होतं, ‘आंबा’ला ‘खाली’ जोडलं की ‘आंब्याखाली’ होतं, ‘विहीर’ला ‘जवळ’ जोडलं की ‘विहिरीजवळ’, हे त्याला कुणी पाटीवर लिहून शिकवलेलं नसतं. तरी तो ‘आंबाखाली’ म्हणत नाही. तोच मुलगा चार-पाच वर्षांनी ‘शब्दयोगी अव्यय म्हणजे काय?’ या प्रश्नापाशी अडतो. घरात व्याख्या पाठ करून घेतली जाते आणि परीक्षा झाली की ती विसरली जाते.

या अडण्याचं कारण मुलाच्या बुद्धीत शोधू नये. भाषा त्याला येतेच. ती बोलताना आपण काय करतो, याकडे मात्र त्याने कधी थांबून पाहिलेलं नसतं आणि आपण पाहायला न लावता थेट नाव आणि व्याख्या हातात देतो. शब्दाची जात म्हणजे शब्दाने वाक्यात केलेलं काम. काम कळायचं तर ते होताना दिसलं पाहिजे, आणि मुलाने स्वतःच्या हातापायांनी केलं तर फारच बरं. ओटी, पडवी, अंगण आणि शेजारची दोन-चार मुलं एवढ्यावर मराठीतल्या आठही जाती खेळून होतात. नावं मागून येऊ द्यावीत.

आठ हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. यास्काच्या निरुक्तात पदांचे चार प्रकार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीला तर सुबन्त आणि तिङन्त हे दोनच भेद पुरले. आज शाळेत शिकवली जाणारी आठ जातींची चौकट इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची आहे. इंग्रजीकडे ती लॅटिनमधून आणि लॅटिनकडे ग्रीकमधून आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं आणि मराठी शाळांतल्या व्याकरणाची घडी तिथून बसत गेली. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ लिहिला. दामले आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडच्या घराण्यातले. कवी केशवसुत हे त्यांचे थोरले भाऊ. या ग्रंथाचं कोणतंही पान उघडा, एकेका शब्दाचं काम कसं ठरवायचं यावर केवढा खल चालला आहे ते दिसतं. जिथे दामल्यांसारख्या माणसाला वाद घालावे लागले, तिथे नऊ वर्षांच्या मुलाने एका ओळीत उत्तर द्यावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्याला थोडं खेळून, चाचपून पाहायला मिळालं पाहिजे.

खेळातून व्याकरण ही कल्पना नवी नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी प्रत्येक शब्दजातीला एक आकार आणि एक रंग दिला. नाम म्हणजे मोठा काळा त्रिकोण: जड, स्थिर, जमिनीवर बसलेला. क्रियापद म्हणजे लाल वर्तुळ. मुलांच्या हाती आधी काळा पिरॅमिड आणि लाल चेंडू देतात. पिरॅमिड ठेवला तिथे राहतो, चेंडू हात लागला की घरंगळतो. विशेषणाला नामाच्याच घराण्यातला त्रिकोण मिळाला, पण लहान आणि निळा. क्रियाविशेषणाला क्रियापदाच्या घराण्यातलं वर्तुळ, लहान आणि नारिंगी. कोण कुणाची सेवा करतो हे आकारावरूनच कळतं, त्यासाठी वेगळी व्याख्या लागत नाही. मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षं इथेच राहिल्या. पण त्यांचे विचार त्याआधीच इकडे पोचले होते. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ते मराठीत रुजवले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला. आदिवासी वस्तीत महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती. ताराबाईंनी पानं, फुलं, शिंपले, खडे, बिया अशा गावातल्याच वस्तू साधनं म्हणून वापरल्या. आपल्याला घरी करायचं आहे ते याच वाटेने. काळ्या त्रिकोणासाठी चुलीतला कोळसा, लाल वर्तुळासाठी गेरू आणि मोजायला चिंचोके एवढं पुरे.

अंगाने केलेलं लक्षात राहतं, हे आजी-आजोबांना माहीत होतंच. १९८०च्या सुमारापासून मानसशास्त्रातल्या प्रयोगांनी ते पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. ‘काडी मोड’, ‘पेला उचल’ अशा सूचना नुसत्या वाचणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष करणाऱ्यांना नंतर जास्त आठवतात. त्याआधी अमेरिकेत जेम्स अ‍ॅशर यांनी परकी भाषा शिकवण्याची एक रीतच हुकमांवर उभी केली होती: शिक्षक ‘ऊठ’, ‘दाराकडे जा’ म्हणतो आणि विद्यार्थी न बोलता ते करत जातो. मुलांच्या बाबतीत तर हुकूम ऐकून हालचाल करणं ही भाषेची पहिलीच पायरी असते. ‘ये’, ‘बस’, ‘दे’ हे शब्द वर्षाच्या बाळालाही कळतात.

म्हणून सुरुवात क्रियापदापासून करावी, जरी पुस्तकात नाम आधी येत असलं तरी. एका डब्यात चिठ्ठ्या: फेक, झेल, लोळव, दडव, आपट. मुलाच्या हातात चेंडू. त्याने चिठ्ठी काढायची, मनात वाचायची, करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. चार-पाच चिठ्ठ्या झाल्या की हळूच एक वेगळी चिठ्ठी घालावी: ‘नारळ’. मुलगी चिठ्ठी वाचते आणि तशीच उभी राहते. नारळाचं करू काय? आणू? सोलू? फोडू? या थांबण्यातच तिला क्रियापद सापडलेलं असतं. नामाने वस्तू डोळ्यांपुढे येते, पण काही घडत नाही.

मग उलटा खेळ. ‘माजघरातून तांब्या आण’, ‘सूप आण’, ‘झाडू आण’. मुलं धावत जातात, घेऊन येतात. मध्येच म्हणावं, ‘आता धावणे आणून दाखव.’ क्षणभर शांतता, मग हसू. कुणी तरी धावतच येऊन सांगतं, ‘हे घ्या!’ आणता येतं ते नाम आणि करावं लागतं ते क्रियापद, ही पहिली खूण यातून पक्की होते. अर्थात ती अपुरी आहे आणि हुशार मूल लगेच तिच्यावर बोट ठेवतं: राग कुठे आणता येतो? आनंद? शुक्रवार? असा प्रश्न आला की समजावं, गाडी बरोबर रुळावर आहे. तेव्हा दुसरी खूण द्यावी. ज्याला ‘चा’, ‘ने’, ‘ला’ चिकटतात ते नाम: रागाचा, आनंदाने, शुक्रवारचा. ‘धावतो’ला ‘चा’ लावून पाहा, लागत नाही. आणि ‘धावणे’ला? ‘धावण्याचा’ म्हणता येतं. म्हणजे ‘धावणे’ हा शब्द हालचालीचा असूनही नामाचं काम करू शकतो. हे कोडं चौथीतल्या मुलासमोर टाकायला हरकत नाही. तिसरीतल्या मुलासमोर अजून नको.

विशेषणाची व्याख्या पुस्तकात अशी असते: नामाबद्दल विशेष माहिती सांगून त्याची व्याप्ती मर्यादित करणारा शब्द. मोठ्यांनाही ‘व्याप्ती मर्यादित’ म्हणजे काय हे सांगताना अडखळायला होतं. अंगणात ती पाच मिनिटांत कळते. मनात एक दगड धरा. ‘दगड आण.’ मूल हाताला लागेल तो आणतं. ‘हा नव्हे. मोठा दगड.’ दुसरा येतो. ‘मोठा, काळा.’ आता लाल चिऱ्याचे तुकडे सगळे बाद झाले. ‘मोठा, काळा, गुळगुळीत.’ पऱ्यातून कधी तरी उचलून आणलेला तो एकच गोटा तुळशीच्या कट्ट्यावर असतो. प्रत्येक शब्दागणिक मुलाने किती दगड मनातून बाजूला टाकले ते त्यालाच विचारावं. मॉन्टेसरी शाळांत हाच खेळ रंगीत त्रिकोणांच्या पेटीने खेळतात. आपल्या गडग्याचे दगड काही कमी नाहीत.

मराठीत विशेषणाबरोबर लिंगही खेळात येतं आणि इथे जरा रेंगाळावं. तीन परड्या मांडा: ‘तो’, ‘ती’, ‘ते’. मे महिना असेल तर फळं हाताशीच असतात. फणस (निदान त्याचा गरा तरी) ‘तो’मध्ये, कैरी ‘ती’मध्ये, जांभूळ ‘ते’मध्ये. धावत जाऊन टाकायचं आणि टाकताना म्हणायचं: पिकलेला फणस, हिरवी कैरी, टपोरं जांभूळ. मग विशेषण तेच ठेवून फळ बदलायचं. ‘मोठा’ म्हटलं की मोठा, मोठी, मोठं असं रूप फिरतं; ‘लाल’ म्हटलं की ते जागचं हलत नाही. आकारान्त विशेषणं बदलतात, बाकीची बहुधा बदलत नाहीत, हा नियम मूल स्वतः काढतं. न बदलणाऱ्या विशेषणाला दोन्ही हात बांधून उभं राहायचं, बदलणाऱ्याला परडीगणिक जागा बदलायची, असंही खेळता येतं. त्यानंतर अनेकवचन. ‘ते जांभूळ’चं ‘ती जांभळं’ होतं आणि ‘तो आंबा’चं ‘ते आंबे’. ‘ते’ आणि ‘ती’ यांनी परड्या बदलल्या की लहान मुलांना फार गंमत वाटते, कारण रोज बोलताना ते हेच करत असतात आणि त्यांना पत्ता नसतो.

इथे एक प्रयोग घरी करावाच. अमेरिकेतल्या जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला अर्थ नसलेलं नाव दिलं आणि मग दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? मुलांनी कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक वेळा बरोबर केलं. म्हणजे मुलं रूपं पाठ करत नाहीत, नियम उचलतात. मराठीत तर यासाठी केवढं रान मोकळं आहे. म्हणा, ‘हा भोपका.’ दोन झाले तर? ‘भोपके.’ त्याच्यावर बस! ‘भोपक्यावर.’ आता ‘ही टिंबरी’: ‘टिंबऱ्या’, ‘टिंबरीवर’. जगात नसलेल्या वस्तूंची सामान्यरूपं पाच वर्षांचं मूल बिनचूक करतं, हे एकदा पाहिलं की व्याकरण शिकवताना त्याच्यावर ओरडण्याची इच्छा पालकाला होऊ नये.

शब्दयोगी अव्ययाला अलोऱ्यात एक खास खेळ आहे, तो दुसऱ्या गावाला इतका शोभणार नाही. कोयनेचं पाणी खरं तर कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जायचं. जलविद्युत प्रकल्पाने शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्याने सह्याद्रीखालून पश्चिमेकडे वळवलं. ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतं, तिथून कोळकेवाडी धरणात येतं, पुन्हा वीज करून अलोऱ्याच्या परिसरातून वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं. या प्रकल्पाची पहिली वीज १९६२ मध्ये तयार झाली. गावातल्या कितीतरी घरांचा या कामाशी संबंध आला आहे. मुलं हे पाणी रोज पाहतात. आता त्यांनी पाणी व्हायचं.

मागच्या खोलीत अंथरलेली निळी चादर हा शिवसागर. खाट हा सह्याद्री. खाटेखालची अंधारी जागा हा बोगदा, तिच्या पलीकडचा कोनाडा हे पोफळीचं वीजगृह. उंबऱ्याशी आडवा पाट टाकला की कोळकेवाडीचं धरण झालं. अंगणात वाशिष्ठी, गडग्यापाशी खाडी. मूल चादरीवरून निघतं, खाटेखालून सरपटतं, वीजगृहात शिरून दिव्याचं बटण दाबतं, पाटापाशी थांबतं, मग उडी मारून अंगणात. जाताना मोठ्याने सांगत जायचं: मी डोंगराखालून आलो, धरणापाशी थांबलो, गावाजवळून वळलो, खाडीकडे निघालो, समुद्रापर्यंत पोचलो. मुलगी असेल तर आले, थांबले, वळले. एवढ्या प्रवासात पाच शब्दयोगी अव्ययं येतात आणि प्रत्येक ठिकाणी मुलाचं शरीर खरोखर त्या जागी असतं.

दुसऱ्या फेरीत ती अव्ययं काढून घ्यावीत. ‘मी डोंगर आलो, धरण थांबलो.’ मुलांना हे वाक्य ऐकूनच कसंतरी होतं. पाणी डोंगराच्या वरून गेलं की खालून, काही कळत नाही. नाम आणि बाकीचं वाक्य यांच्यातला संबंध सांगण्याचं काम कोण करत होतं, हे आता नीट दिसतं. तिसऱ्या फेरीत चिठ्ठ्या घ्याव्यात: एकीवर ‘समुद्र’, दुसरीवर ‘पर्यंत’. दोन मुलांनी त्या धरून शेजारी उभं राहायचं. ‘समुद्र पर्यंत’ बरोबर वाटत नाही. मध्ये काय पाहिजे? काना. तिसऱ्या मुलाने काठी उभी धरून दोघांच्या मध्ये शिरायचं: समुद्रा-पर्यंत. ज्या रूपाला पुस्तक सामान्यरूप म्हणतं ते हेच, प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडण्याआधी नामाने घेतलेलं रूप. ‘धरण’चं ‘धरणा’, ‘आंबा’चं ‘आंब्या’, ‘विहीर’चं ‘विहिरी’. आणि लगेच ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ यांची गंमत दाखवावी. ‘आंबाच हवा’, ‘आंबासुद्धा हवा’: नाम जराही बदलत नाही. व्याकरणात यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात. काठी धरलेल्या मुलाला इथे काम नाही. त्याने बाजूला बसायचं.

याच खेळात एक अवघड गाठ सुटते. ‘वर बघ’ आणि ‘कौलावर बघ’ यांतला ‘वर’ एकच, पण पहिल्यात तो क्रियाविशेषण आहे आणि दुसऱ्यात शब्दयोगी. ‘मागे ये’ आणि ‘घरामागे ये’, ‘बाहेर थांब’ आणि ‘दाराबाहेर थांब’, असंच. अनेक विद्यार्थी सातवीपर्यंत यात घोळ घालतात, कारण त्यांना शब्दांच्या याद्या दिलेल्या असतात आणि ‘वर’ दोन्ही याद्यांत सापडतो. इथे ‘वर’ झालेल्या मुलाने नामाचा हात धरला तर तो शब्दयोगी, हात सोडून एकटाच क्रियापदाशेजारी जाऊन उभा राहिला तर क्रियाविशेषण. शब्द बदलला नाही, त्याचा जोडीदार बदलला. ही एक गोष्ट हाडीमाशी खिळली तर बाकीच्या याद्या पाठ केल्या नाहीत तरी चालेल असं माझं मत आहे.

क्रियाविशेषणाचा खेळ पावसाळ्यासाठी राखून ठेवावा. जून ते सप्टेंबर घाटाखालच्या या पट्ट्यात बाहेर पडायची सोय नसते आणि हा खेळ ओटीवर होतो. एकाने आत जायचं. बाकीच्यांनी एक शब्द ठरवायचा, समजा ‘हळूच’. आत गेलेल्याने येऊन हुकूम सोडायचा: पाणी प्या, केस विंचरा, दार लावा. सगळ्यांनी ते काम हळूच करायचं आणि त्याने शब्द ओळखायचा. क्रिया तीन, रीत एकच. रीत सांगणारा शब्द आपोआप वेगळा काढला जातो. पण मूल ‘चांगला’ हा शब्द ठरवेल त्या दिवशी सावध राहा. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते.’ क्रियाविशेषण अव्यय बदलत नाही असं आपण शिकवलं आणि हे तर बदललं. याची दखल व्याकरणकारांनी घेतली आहे. काही क्रियाविशेषणं कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे रूप बदलतात. मुलाला ‘तू चुकलास’ म्हणू नये. ‘बरोबर पकडलंस, हा नियम तोडणारा शब्द आहे’ म्हणावं आणि असे आणखी शोधायला लावावेत.

सर्वनामासाठी नाव न घेण्याची अट पुरते. कुणाचंही, कशाचंही नाव घ्यायचं नाही. जो घेईल त्याच्यावर राज्य. एका मिनिटात ‘हे’, ‘ते’, ‘तिला’, ‘कोण’ यांचा पाऊस पडतो. पण मराठी सर्वनामांतली खरी गोडी दोन संघांच्या खेळात आहे. आट्यापाट्या किंवा लगोरी झाल्यावर जिंकलेला मुलगा आपल्या गड्यांना म्हणतो, ‘आपण जिंकलो!’ आणि हरलेल्यांना म्हणतो, ‘आम्ही जिंकलो!’ दोन्हींत तो स्वतः आहे, फरक ऐकणाऱ्याला धरलं की वगळलं याचा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. मुलांना जमिनीवर गेरूने वर्तुळ काढायला सांगा. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा वर्तुळाच्या आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर जातो. शहरात इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलं सुट्टीत गावाला येतात, त्यांच्या बोलण्यात हा भेद पुसट होत चाललेला मी ऐकला आहे. हा खेळ त्यांच्याबरोबर जरूर खेळावा.

उभयान्वयी अव्ययात दोन मुलं दोन वाक्यं होतात: ‘पाऊस आला’ आणि ‘आम्ही खेळलो’. तिसरं मूल दोघांचे हात धरतं आणि आपलं नाव सांगतं. ‘पण’ झालं तर एक अर्थ, हट्टी पोरांचा, ‘म्हणून’ झालं तर अगदी दुसरा. ‘किंवा’ झालं तर दोघांपैकी एकाने खाली बसायचं. ‘जर-तर’ची चढाओढ तर मोठ्यांनीही खेळावी: जर मी टाळी वाजवली तर बसा, जर शीळ घातली तर उठा. केवलप्रयोगी अव्ययांवर वेळ घालवायची गरज नाही. अरेरे, अबब, छे, वा ही मुलांच्या तोंडात खेळभर असतातच. वाक्याशी हात न धरता ती एकटी उभी असतात, एवढं दाखवलं की झालं.

आता भाषेचा एक नाजूक मुद्दा. अलोऱ्यात प्रकल्पाच्या वसाहतीमुळे घाटावरची, देशावरची मुलं आणि इथली मुलं एकाच मैदानात खेळत आली आहेत. कुणाच्या घरी संगमेश्वरी बोली, कुणाच्या घरी दुसरी. खेळताना मूल घरचा शब्द बोलेल, घरचं रूप वापरेल. ते तिथे सुधारू नये. बोलीतल्या शब्दालाही जात असते, त्यालाही सामान्यरूप असतं, आणि दोन मुलांची रूपं वेगळी निघाली तर दोन्ही चिठ्ठ्यांवर लिहून शेजारी ठेवावीत. प्रमाण रूप कोणतं हे वहीत लिहिताना सांगता येतं. खेळात सांगितलं तर मूल बोलायचंच थांबतं, आणि बोलायचं थांबलेल्या मुलाला व्याकरण शिकवायला काही उरत नाही.

नावं कधी सांगायची? पहिली-दुसरीत नुसते आकार: काळा त्रिकोण, लाल वर्तुळ, नारिंगी टिकली. तिसरीत नाम, क्रियापद, विशेषण, सर्वनाम ही नावं. अव्ययांची लांबलचक नावं त्यानंतर, आणि तीही ‘आपण तो पाण्याचा खेळ खेळलो ना, त्यातला शब्द’ अशी ओळख देऊन. रोज खेळायची गरज नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली आणि मुलांचं मन उडालं की थांबावं. ती स्वतः ‘आज पाणी खेळू या’ म्हणेपर्यंत वाट पाहावी.

आणि खेळ एवढ्यावर सोडू नये. १९६३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखन शिकवण्यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. नुसतं सुटं व्याकरण शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, असा त्याचा रोखठोक निष्कर्ष होता. खेळालाही तो लागू आहे. मुलाने स्वतः लिहिलेला मजकूर घ्यावा, मामाकडच्या सुट्टीचा, गणपतीतला, पुरातल्या दिवसाचा, कोणताही. गेरूच्या आणि कोळशाच्या खुणा आता त्या मजकुरावर येऊ द्याव्यात. मोठ्यांनी चूक दाखवायची नाही. उभयान्वयी अव्ययावर गुलाबी रेघ मारायला सांगितली की ‘आणि मग आम्ही गेलो आणि मग आम्ही जेवलो आणि मग पाऊस आला’ या ओळीवर मुलाला एकाखाली एक गुलाबी रेघा दिसतात. बहुतेक मुलं तिथे स्वतःच पेन्सिल उचलतात. एका ‘आणि मग’चं ‘पण’ होतं, दुसऱ्याचं ‘म्हणून’, आणि एखादं नुसतंच खोडलं जातं.